पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुठंय?

"हॅरिसबाई डिबेट जिंकल्या, त्यात वाद नाही. पण मला माझं उत्तर मिळालं नाही," नंदू म्हणाला, आणि बुधवारची अख्खी संध्याकाळ त्या एका वाक्यावर गेली.

नंदू गौरी-गणपतीसाठी डोंबिवलीत आला होता. एरवी राहतो फिलाडेल्फियाजवळ एक्स्टनला. नागरिकत्व अमेरिकेचं, मत पेनसिल्व्हेनियातलं. म्हणजे ज्या राज्याच्या १९ इलेक्टोरल मतांसाठी, राष्ट्राध्यक्ष ठरवणाऱ्या राज्याच्या वाट्याच्या मतांसाठी, दोन्ही पक्ष जिवाचं रान करत होते, तिथला हा मतदार. राष्ट्राध्यक्षपदाचे दोन उमेदवार, तेव्हाच्या उपाध्यक्ष कमला हॅरिस आणि माजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प, यांची डिबेट झाली ती १० सप्टेंबर २०२४च्या रात्री फिलाडेल्फियातच, त्याच्या घरापासून तासाभरावर. आणि ती त्याने पाहिली ११ तारखेच्या सकाळी साडेसहाला, डोंबिवलीत आईच्या टीव्हीवर. घरात गौरीपूजनाची गडबड, आणि हा वही घेऊन बसलेला.

संध्याकाळी फडके रोडच्या कट्ट्यावर आम्ही जमलो, तोवर प्रत्येकाच्या फोनवर एकच तुकडा पोचला होता. ओहायोतल्या स्प्रिंगफिल्डमध्ये बाहेरून आलेले लोक कुत्री-मांजरं खातात, हे ट्रम्प यांचं बोलणं. शिरीषने तेवढंच पाहिलं होतं.

"तमाशा आहे रे नुसता. दीड तासातून लक्षात काय राहिलं, तर कुत्री. याच्यावर तुम्ही राष्ट्राध्यक्ष निवडणार?"

"त्याच्या पुढचं पाहिलंस का?" नंदूने विचारलं. पुढे डिबेट चालवणाऱ्या एबीसी वाहिनीच्या डेव्हिड म्युअर यांनी तिथल्या तिथे सांगितलं, की आम्ही त्या गावाच्या सिटी मॅनेजरकडे चौकशी केली, अशा विश्वासार्ह तक्रारी आलेल्या नाहीत. ट्रम्प म्हणाले, टीव्हीवर लोक सांगताहेत. म्युअर यांनी मुद्दा सोडला नाही. "आपल्याकडे सभेत नेता काहीही बोलला, तर तिथेच त्याला कोण थांबवतं? दुसऱ्या दिवशी पेपरात खुलासा येतो, तो वाचतो कोण?"

मग त्याने सगळी व्यवस्था समजावून सांगितली. समोर प्रेक्षक नाहीत, त्यामुळे टाळ्या नाहीत की घोषणा नाहीत. उमेदवारांजवळ कोरा कागद, पेन आणि पाण्याची बाटली, बस. लिहून आणलेलं काही चालत नाही. प्रश्न आधी कळत नाहीत. उत्तराला दोन मिनिटं, खोडून काढायला दोन मिनिटं. एकाची पाळी असताना दुसऱ्याचा माइक बंद. तो नियम अधूनमधून सैल पडला, हेही त्याने सांगितलं. आपल्याकडे डिबेट म्हटलं की पडद्यावर आठ चौकटी, त्यांत आठ प्रवक्ते आणि सगळे एकदम बोलताहेत, हेच चित्र डोळ्यांसमोर येतं. त्यात उमेदवार कुठेच नसतो, याकडे माझंही लक्ष नंदू बोलत असतानाच गेलं.

"मग तुझं उत्तर कुठलं राहिलं?" बापट सरांनी मूळ मुद्द्यावर आणलं.

"पहिलंच. म्युअर यांनी हॅरिसना विचारलं, चार वर्षांपूर्वीपेक्षा लोकांचं आज बरं चाललंय असं तुम्हाला वाटतं का? हो म्हणा, नाही म्हणा. त्या म्हणाल्या, मी मध्यमवर्गीय घरात वाढले. पुढे छोट्या धंद्यांना करसवलत, मुलं असलेल्या कुटुंबांना सवलत, सगळं सांगितलं. मूळ प्रश्नाला शिताफीने बगल. मी दर शनिवारी किराणा आणतो, सर. तीच पिशवी, तेच सामान, बिल कुठल्या कुठे गेलंय. महामारीमुळे गेलं, युद्धामुळे गेलं, काहीही सांगा, मी ऐकून घेईन. पण निदान मान्य तरी करा."

सरांनी ४४ वर्षं मागे नेलं. हाच प्रश्न रेगन यांनी १९८०च्या ऑक्टोबरमध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्याबरोबरच्या डिबेटच्या शेवटी थेट मतदारांना विचारला होता: चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचं बरं चाललंय का? आठवड्याभराने कार्टर हरले. तेव्हापासून सत्तेतल्या प्रत्येक पक्षाला या प्रश्नाची धास्ती असते. "त्यामुळे हॅरिसबाईंनी ती जागा टाळली यात नवल नाही," सर म्हणाले.

"नवल नाही म्हणून मी सोडून द्यायचं?" नंदू पटकन म्हणाला.

ट्रम्पनाही त्याने सोडलं नाही. नंदूच्या धाकट्याला दमा आहे. आधीपासून आजार आहे म्हणून विमा कंपनी आता नाही म्हणू शकत नाही, ती ओबामांच्या काळातल्या कायद्यामुळे. तो कायदा वाईट आहे, मी त्याहून चांगलं काही आणीन, असं ट्रम्प इतकी वर्षं सांगत होते. म्युअर यांच्या जोडीला प्रश्न विचारणाऱ्या लिन्सी डेव्हिस यांनी विचारलं, म्हणजे तुमच्याकडे अजून योजना नाही, हो की नाही? उत्तर आलं, योजनेच्या कल्पना आहेत. हे सांगताना नंदूचा आवाज चढला. "पोराला रात्री धाप लागली की मी नेब्युलायझर लावून बसतो. मला कल्पना सांगतात!"

शिरीष मात्र हटेना. लोकांची मतं आधीच ठरलेली असतात, डिबेट बघून कोण बदलतं, हे त्याचं पालुपद. त्यात त्याच्या हाती पोलिश मतांचा मुद्दा लागला. युक्रेनबद्दल बोलताना हॅरिस ट्रम्पना म्हणाल्या होत्या, इथे पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या ८ लाख पोलिश अमेरिकनांना सांगा, की तुम्ही किती पटकन माघार घ्याल. "बघ! हे आपल्याच पठडीतलं. समाज मोजायचा, मत मागायचं."

"मोजलं, पण समोर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर, त्याला उत्तर द्यायची संधी देऊन," सर म्हणाले. "आणि काही बदलत नाही म्हणतोस, तर जून आठव. २७ जूनला अटलांटात ट्रम्पसमोर डिबेटला बायडेन उभे राहिले. आवाज बसलेला, वाक्यं मध्येच हरवत होती. पक्षाची माणसं वर्षभर सांगत होती, सगळं ठीक आहे. त्या दीड तासात सगळ्या देशाने डोळ्यांनी पाहिलं, आणि २१ जुलैला विद्यमान राष्ट्राध्यक्षांनी शर्यत सोडली. याहून मोठा बदल कुठला हवा?"

यावर शिरीष काही वेळ बोलला नाही. मग त्याने मोर्चा इकडे वळवला. आपण पंतप्रधान थेट निवडतच नाही, खासदार निवडतो, त्यामुळे हे आपल्याला लागू नाही. हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकलाय आणि मला तो कधीच पटलेला नाही. ब्रिटनमध्येही खासदारच निवडतात. तिथे २०१०च्या एप्रिलमध्ये ब्राउन, कॅमेरॉन आणि क्लेग हे तीन मोठ्या पक्षांचे नेते एका मंचावर आले. त्याच्याही कितीतरी आधीपासून तिथल्या मतदारसंघांत चर्चच्या नाहीतर शाळेच्या हॉलमध्ये सगळ्या उमेदवारांना एकत्र बसवून प्रश्न विचारतात. त्याला ते हस्टिंग्ज म्हणतात.

आपल्याकडेही कुणी प्रयत्न केला नाही असं नाही. २०२४मध्येच, ९ मे रोजी निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, निवृत्त न्यायमूर्ती अजित शहा आणि ज्येष्ठ पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना पत्र लिहून जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं होतं. राहुल गांधींनी होकार कळवला. भाजपकडून त्यांच्या युवा मोर्चाच्या एका उपाध्यक्षाचं नाव पुढे आलं. चर्चा झालीच नाही. सरकारी माध्यमांवर पक्षांना मोफत वेळ मिळतो, तोही १९७७ पासून. पण त्यात मजकूर आधी दाखवायचा आणि वाचून दाखवायचा. समोरून प्रश्न येत नाही.

एवढा वेळ ऐकत बसलेली नीलिमा इथे बोलली. ती एमआयडीसीच्या निवासी भागात राहते. "मला मोदी-राहुल नकोत. मला माझा प्रश्न विचारायचाय. २६ मे २०१६ला आमच्या भागात कंपनीत स्फोट झाला. तेव्हा हॉलच्या सगळ्या काचा गेल्या. धोकादायक कारखाने हलवणार, तपासणी करणार, सगळ्यांनी सांगितलं. मग २०१९ची लोकसभा झाली, विधानसभा झाली, यंदा २० मेला परत लोकसभेचं मतदान झालं. मी रांगेत उभी राहून मत दिलं. आणि तीन दिवसांनी, २३ मेला, पुन्हा स्फोट. पुन्हा काचा. सासूबाई खिडकीपाशी तांदूळ निवडत होत्या, त्या ताटात काचा पडल्या. आठ वर्षं आणि तीन निवडणुका, नंदू. एकदा, फक्त एकदा, सगळ्या उमेदवारांना ओळीने बसवून कुणी विचारलं असतं, की २०१६च्या स्फोटानंतर नेमकं काय केलं, तारीख सांगा, कागद दाखवा, तर?"

कुणालाच उत्तर सुचेना. माझं म्हणणं हेच आहे. डिबेटमध्ये कोण जिंकलं हा प्रश्न चॅनेलवाल्यांचा. मतदाराला हवी ती जागा, जिथे उत्तर टाळलं तर ते टाळल्याचं सगळ्यांना दिसेल. हॅरिसनी प्रश्न टाळला, हे आज नंदू छातीठोकपणे सांगू शकतो, कारण प्रश्न विचारला गेला होता. नीलिमाला तेवढंही मिळालेलं नाही. उमेदवार रिक्षातल्या भोंग्यावरून येतो, हात जोडतो, पुढे जातो.

विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबर २०२४ला संपत होती, म्हणजे निवडणूक तोंडावर होती. नंदू म्हणाला, मग आपणच का करू नये? शाळेचा हॉल, सगळ्या उमेदवारांना लेखी निमंत्रण, प्रत्येकाला सारखा वेळ, आणि घड्याळ सरांच्या हातात. लगेच वाद सुरू. प्रश्न कोण निवडणार? सर म्हणाले, लोकांकडून लेखी घ्यायचे आणि सगळ्यांसमोर चिठ्ठी काढायची. कार्यकर्ते भरून आले आणि घोषणा सुरू झाल्या तर? म्हणून पक्षांना मोजकेच पास द्यायचे. रेकॉर्डिंग अख्खं टाकायचं, तुकडे करायचे नाहीत, हे नंदूचं. कुणी आलंच नाही तर, हा शिरीषचा खरा मुद्दा होता आणि तो खोटा म्हणता येणार नाही. नीलिमाचं म्हणणं, नाव लिहिलेली रिकामी खुर्ची ठेवायची आणि प्रश्न तरीही वाचायचा.

"रिकाम्या खुर्चीवर नाव लिहिलं तर आचारसंहितेत अडकू," शिरीष म्हणाला. "परवानगी लागेल. खर्च कुणाच्या नावावर धरतात तेही विचारायला हवं." सरांनी त्यालाच निवडणूक कार्यालयात जाऊन विचारायचं काम दिलं. सोमवारी जातो म्हणाला. नीलिमाने तिचा प्रश्न तेवढ्यात नंदूच्या वहीत लिहून दिला, दोन्ही स्फोटांच्या तारखांसकट.