हार्ड म्हणजे अवघड नव्हे

काल ट्यूशनला एका पोरानं वहीत लिहिलं, 'माय मदर वर्क्स हार्डली'. त्याला म्हणायचं होतं आई लई राबते, आणि इंग्रजीत अर्थ झाला उलटाच, आई जेमतेमच काम करते म्हणून. चूक दुरुस्त केली पण डोक्यातून जाईना, कारण आम्हालाही शाळेत इझी म्हणजे सोपं आणि हार्ड म्हणजे अवघड एवढंच घोकून घेतलेलं.

अहो, हार्ड वर्क म्हणजे अवघड काम नव्हेच, ते कष्टाचं काम! हार्ड क्वेश्चन म्हटलं की अवघड प्रश्न हे खरं, पण वर्कच्या मागं हार्ड लागला की राबणंच. ज्याला डोकं, कसब लागतं ते डिफिकल्ट. बेळगावात तर हा घोळ रोजचाच आहे, शेजारच्या अक्का कन्नडमध्ये 'भाळ कष्ट ऐती' म्हणतात तेव्हा त्यांना अवघड आहे असं म्हणायचं असतं, आणि आम्ही मराठीत कष्ट म्हणतो ते घाम गाळण्याला. शब्द एकच.

आमची आई खानापूर भागातली, जन्मभर भाताची लावण केलेली. तिला विचारलं तर म्हणते, "सोपं हाय की रे, फक्त कंबर ऱ्हात नाही." दोन-तीन काड्या चिमटीत धरायच्या, चिखलात खुपसायच्या आणि मागं सरकत जायचं, दिवसभर वाकून, वर पाऊस. वाटतं तेवढं सोपं नाही हो ते, काडी लई खोल गेली तर फुटवे येत नाहीत आणि वरच राहिली तर पाण्यावर तरंगायला लागते, आईची बोटं ते न बघता करतात. म्हणजे हार्ड तर आहेच, डिफिकल्ट पण आहे, आणि तिला ते इझी झालंय कारण चाळीस वर्षं हात त्यात मुरलेत.

आणि असल्या कामाला कागदावर काय म्हणतात, अनस्किल्ड! 2005 च्या रोजगार हमी कायद्यात पण अंगमेहनतीच्या कामाला 'अनस्किल्ड मॅन्युअल वर्क' असाच शब्द होता. मला हा शब्द मनापासून खटकतो. अंगमेहनत म्हणा, कष्ट म्हणा, पण कसब नाही असं कसं म्हणता?

उलट आरामाच्या नोकरीला इंग्रजीत 'कुशी जॉब' म्हणतात ना, तो कुशी आपल्याकडच्या 'खुश' वरनं गेलाय, हिंदुस्थानात राहिलेल्या गोऱ्या सोल्जरांच्या तोंडून. आरामाला शब्द आपला नेला.

त्या पोराला शेवटी म्हटलं, हार्डलीतला ली खोड आणि खाली अजून एक वाक्य लिही, आई नेमकं काय काम करते ते. त्यानं अर्धं पान भरलं. आई मागावर बसते, धागा तुटला की अंधारातपण बोटानं सापडवते.