ती मोकळी जागा चार्लीचीच

रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडच्या 'हॅकनी डायमंड्स' या २०२३च्या अल्बमचं कौतुक करणारे जुने चाहते निव्वळ आठवणींना दाद देताहेत, हे त्या अल्बमवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. आठवणी आहेतच. एप्रिल २००३मध्ये ब्रेबॉर्नवर धाकट्या भावाला घेऊन मी त्यांना ऐकलंय. पण तेवढ्यावरच भागलं असतं तर त्यांचा २००५चा 'अ बिगर बँग' हा अल्बमही आवडला असता. तो दोनदा ऐकला आणि ठेवून दिला.

या वेळी कान अडकला तो 'लिव्ह बाय द स्वोर्ड' या गाण्यावर. बँडचा ड्रमर चार्ली वॉट्स २०२१मध्ये गेला. या अल्बममध्ये त्याने आधी वाजवून ठेवलेली दोनच गाणी आहेत, आणि लेखात त्यांचा साधा उल्लेखही नाही! स्नेअरवर (ठेक्याचा मुख्य ड्रम) काठी पडताना हाय-हॅटवरचा (झांजांची जोडी) हात उचलायची त्याची सवय होती, म्हणून ठेक्यात बारीकशी मोकळी जागा राहायची. त्यात या गाण्यात बेस गिटारवर त्यांचा जुना साथीदार बिल वायमन, बँड सोडून तीसेक वर्षं झालेला. चार्लीच्या जागी आलेला ड्रमर स्टीव्ह जॉर्डन उत्तमच वाजवतो, पण त्याचा हात वेगळा. काही न सांगता मी हे गाणं भावाला फोनवर ऐकवलं. पहिलं कडवं संपायच्या आत तो म्हणाला, "दादा, हा चार्ली आहे ना?"