धूळपाटी म्हणजे लेख धुळीत टाकायचा नव्हे!

नमस्कार दादा, कॉमेंट सविस्तर लिहिलीत म्हणून उत्तर पण जरा लांबतंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की मराठी विकिपीडियावर नव्यानं येणाऱ्यांसाठी मी तिथल्या खास ४० शब्दांची यादी अर्थासकट केली म्हणजे आयता घास भरवला, तालमीत नव्या पोराला कोण शब्दकोश देत नाही, आपटी खाल्ली की डाव आपोआप कळतो आणि तुम्ही पण असंच शिकलात.

यादी फसली हे आधीच कबूल करतो. परवा मीच परत वाचायला घेतली तर चौथ्या शब्दाला जांभई आली.

पण 'आपोआप कळतं' हे काय पटलं नाही राव. आमच्या शेजारच्या काकू, रिटायर्ड मास्तरीण, पन्हाळ्याकडं माहेर. माहेरच्या गावावर लेख लिहायचा म्हणून दोन दुपारी बसून मोबाईलवर चांगले चार पॅरा टाइप केले. मी म्हटलं काकू, आधी धूळपाटीवर ठेवूया. त्या गप्पच. जरा वेळानं म्हणाल्या, "एवढं लिवलं ते धुळीत टाकायचं व्हय रं?" मग सांगितलं, पूर्वी पोरं फळीवर धूळ पसरून अक्षरं गिरवायची, चुकलं की हात फिरवायचा आणि पुन्हा, तसंच हे सरावाचं पान. लगेच खुलल्या! सँडबॉक्सला याच्यापेक्षा भारी शब्द सापडायचा नाही, पण तो सांगायला मी शेजारी बसलो होतो म्हणून जमलं. पुढं लेख मुख्य जागी गेल्यावर त्यांनी लेखाचा इतिहास (कुणी कधी काय बदललं ते दाखवणारं पान) उघडला आणि सकाळी सकाळी फोन, "ह्यो सांगकाम्या कोण, माझ्या लेखात हात घालतोय?" बॉट हो, आपोआप बदल करणारा प्रोग्राम! सांगितलं तेवढंच काम करतो म्हणून सांगकाम्या.

गंमत बघा, इंग्रजी शब्द अडला तर माणूस विचारतो तरी, पण चावडी (विकिपीडियावर सगळ्यांनी मिळून चर्चा करायचं पान) म्हटल्यावर ज्याच्या डोळ्यासमोर तलाठी आणि सातबारा येतो तो काय विचारणार, त्याला वाटतं आपल्याला माहीत आहे. आणि याच्या उलट प्रताधिकार, म्हणजे कॉपीराइट. एका कॉलेजच्या पोरानं कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानावरच्या लेखात पेपरमधला मजकूर जसाच्या तसा चिकटवला. मी त्याच्या चर्चापानावर 'प्रताधिकार भंग' एवढंच लिहून मोकळा झालो. त्याला वाटलं, इथं लिहायचा आपल्याला अधिकारच नाही. हे मला पुढं त्याच्या मित्राकडनं कळलं, तोवर पोरगा गेला तो गेलाच. सरळ 'कॉपीराइट आहे, स्वतःच्या शब्दांत लिही' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं माझं? ही चूक माझीच.

आणि तुमचं शिकणं वेगळं हो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ चा, तुम्ही म्हणता तसं तुम्ही अगदी सुरवातीच्या वर्षांत आलात. तेव्हा निम्मे शब्द तुमच्या डोळ्यांदेखत वादावादी होऊन ठरले असतील, ते पाठ कशाला करायला लागतात!

आता तालमीचं. लहानपणी दोन वर्षं मी पण लाल माती अंगाला लावलीय (अंग होतं कुठं ते विचारू नका). वस्ताद नुसतं आपटायचे नाहीत. मनगट धरून, कंबर आत घालायला लावून म्हणायचे, "हं, ह्याला ढाक म्हणत्यात", आणि मग उचलायचे. शब्द आणि आपटी एकदमच. नुसती आपटी खाणारी पोरं आठवड्यात घरी बसायची, ती तुमच्या हिशेबात येत नाहीत, कारण ती 'मी असाच शिकलो' म्हणायला मागं उरलेलीच नसतात.

म्हणून यादी काढून टाकतोय. आता नव्या माणसाला पहिल्यांदा त्याची स्वतःची धूळपाटी उघडून द्यायची, मग चर्चापानावर चार टिल्ड (~~~~) टाकून सही उमटते ते त्याच्याकडनंच करून घ्यायचं, बाकीचे शब्द जिथं अडेल तिथं. महिन्यातनं एका रविवारी चार-पाच जण माझ्याकडं लॅपटॉप घेऊन बसतात, तुम्ही पण या, दोन शब्द तुम्ही समजवा, चहा आमच्याकडं. काकूंना चावडीचं अजून सांगायचंय, सध्या सगळे प्रश्न मलाच फोनवर येतात.