रद्दीच्या गठ्ठ्यात सापडलेली जेन एअर

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या मागच्या खोलीत चहाला थांबले होते. आमचं वाचनालय तिथंच आहे, म्हणजे दोन लोखंडी कपाटं आणि एक नोंदवही. दाराशी सुतळीनं बांधलेला रद्दीचा गठ्ठा होता आणि त्यात सगळ्यात वर पाठ उसवलेली 'जेन एअर'. चौकशी केली तेव्हा कळलं, प्रेमाच्या कादंबऱ्या काढून टाकायचं ठरलंय. इथून पुढे कपाटात फक्त ख्रिस्ती पुस्तकं. मी तिथंच सुतळी सोडली. तेवीस पुस्तकं निघाली. रिक्षा करून सगळी घरी आणली. आता ती दिवाणावर पसरली आहेत आणि त्यांच्याकडे बघतच हे लिहितेय.

मला मनापासून वाईट वाटलंय. ज्यांनी हे ठरवलं ती माणसं चांगली आहेत, अडीअडचणीला धावून येणारी आहेत, म्हणून जास्तच वाईट वाटतंय. आणि दुसऱ्या बाजूला माझ्या वाचणाऱ्या मैत्रिणी आहेत. ख्रिस्ती पुस्तक म्हटलं की त्या हातही लावत नाहीत. "पहिल्या पानावर शेवट कळतो गं, सगळे सुधारतात आणि प्रार्थना करतात." तीस वर्षं मी दोन्ही प्रकारची पुस्तकं वाचत आलेय. या दोन्ही बाजूंच्या मध्ये उभं राहून आज मला माझं मत सविस्तर मांडायचंय.

सुरुवात जेनपासूनच करते. १८४७ साली आलेली ही कादंबरी लिहिली शार्लट ब्राँटीनं, म्हणजे यॉर्कशायरमधल्या एका पाळकाच्या (चर्चच्या धर्मगुरूच्या) मुलीनं. जेन ज्या घरात नोकरी करते त्या घरच्या मालकावर, रॉचेस्टरवर, तिचा जीव जडतो. लग्नाच्या दिवशी, ऐन वेदीपुढे कळतं की त्याची पहिली बायको जिवंत आहे. तो विनवतो, रडतो, तरी राहा म्हणतो. जेनला जगात विचारणारं कुणी नाही, आई-बाप नाहीत, पैसा नाही. तरी पहाट व्हायच्या आत ती घर सोडते. देवाचा नियम मोहाच्या वेळी पाळायचा नाही तर कधी पाळायचा, एवढंच तिचं म्हणणं. आमच्या शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गात, याहून चांगला धडा मी कधी ऐकलेला नाही.

पण मला त्या पुस्तकातला दुसरा नकार जास्त मोलाचा वाटतो. पुढे तिला सेंट जॉन रिव्हर्स भेटतो. देखणा, निष्कलंक, हिंदुस्थानात मिशनरी म्हणून निघालेला. तो तिला हिंदुस्थानी शिकवायला लागतो आणि एक दिवस म्हणतो, माझी बायको होऊन चल. प्रेम आहे म्हणून नाही, कामाला योग्य आहेस म्हणून. जेन म्हणते, बहीण म्हणून येते, मदतनीस म्हणून येते, बायको म्हणून नाही. त्यावर तो तिला सांगतो की तू मला नाही, देवाला नाकारते आहेस. हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि पुस्तक मिटून बराच वेळ गच्चीवर जाऊन बसले होते. कारण त्याच वर्षी माझ्यासाठी आलेल्या एका स्थळाबद्दल मला अगदी हेच ऐकवलं गेलं होतं: प्रार्थना करून ठरवलंय, आता नाही म्हणणं म्हणजे प्रभूला नाही म्हणणं. जेननं मला सांगितलं की पवित्र माणसालाही नाही म्हणता येतं, आणि तसं म्हटल्यानं आपला विश्वास कमी होत नाही.

इथं नगरकर म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. सेंट जॉनचं म्हणणं असं की तरुण बाईनं लग्न न करता मिशनच्या कामाला कसं यावं. पण कादंबरी छापली जायच्या वीस वर्षं आधीच, १८२७ मध्ये, सिंथिया फॅरार नावाची अविवाहित अमेरिकन बाई मुंबईत उतरली होती. पुढे तिनं आमच्या नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांनी त्या पाहिल्या होत्या. बाई १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. जेन जे मागत होती ते एक बाई इकडे खरोखर जगत होती!

आणि कपाट आवरणाऱ्यांनी शेवटचं पान उघडून पाहिलं असतं, तर कादंबरीचे अखेरचे शब्द त्यांना तोंडपाठ निघाले असते. ते बायबलच्या शेवटच्या पुस्तकातले, प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायातले आहेत.

आता 'रिडीमिंग लव्ह'. हे पुस्तक 'ख्रिस्ती' म्हणून आमच्या कपाटात राहिलं. फ्रान्सिन रिव्हर्स आधी साध्या प्रेमकादंबऱ्या लिहायची, विश्वासात आल्यावर तिनं १९९१ मध्ये हे लिहिलं. बायबलमधल्या होशेय संदेष्ट्याची आणि त्याला सोडून जाणाऱ्या त्याच्या बायकोची, गोमरची, गोष्ट तिनं कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणींच्या काळात नेली. मला ते पुण्याच्या होस्टेलमध्ये ऐझॉलच्या रूममेटनं दिलं होतं. एका रात्रीत वाचलं, उशी भिजली. लहानपणी विकली गेलेली एंजल आणि तिला काही झालं तरी टाकून न देणारा मायकेल. वीस वर्षांच्या मुलीला याहून काय हवं असतं?

चाळिशीत पुन्हा वाचलं आणि घशात अडकलं. मायकेल तिला लग्नाचं विचारतो तेव्हा ती मार खाऊन अर्धवट शुद्धीत पडलेली आहे. त्या अवस्थेत तोंडातून निघालेल्या शब्दांना होकार कसा म्हणायचा? मग ती पळून जाते, तो आणतो. ती पुन्हा जाते. तो कधीच चुकत नाही, कारण त्याला देवाचा आवाज ऐकू येतो. चर्चमधल्या तरुण मुली हे वाचून असा नवरा शोधायला लागतात याची मला काळजी वाटते. कारण 'मला देवानं सांगितलंय' म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण एक आहे. शेवटी ती जाते तेव्हा मायकेल मागे जात नाही. तिनं आपल्या पायांनी परत यावं म्हणून तो थांबतो, वर्षं जातात, आणि ती येते, येऊन त्याला आपलं खरं नाव सांगते. ती पानं मला आजही हलवतात. सगळं पुस्तक तसं असतं तर मी ते वाटत फिरले असते.

त्यापेक्षा जेनेट ओकची १९७९ ची 'लव्ह कम्स सॉफ्टली' मला जवळची वाटते. गोष्ट अगदी साधी. मार्टीचा नवरा प्रवासात मरतो, ती पोटुशी, माळरानावर एकटी. क्लार्क नावाचा विधुर म्हणतो, माझ्या लेकीला आई हवी आहे, लग्न कर. आणि लगेच पुढे म्हणतो, वसंतात गाड्यांचा तांडा परत निघेल, तेव्हा जायचं असेल तर भाडं मी देईन. झालं, त्या एका वाक्यानं मी त्याला माणूस मानलं. भाषेत काही विशेष नाही, प्रसंग सरधोपट आहेत, पण परतीचं भाडं कबूल करणारा नायक मला फार थोड्या कादंबऱ्यांत भेटलाय. भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या लायब्ररीतून आणलेल्या मिल्स अँड बूनच्या इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांमध्ये तर क्वचितच. त्या काळच्या त्या गोष्टींत नायिका नको म्हणाली की तो हो समजायचा. हल्लीच्या बऱ्याच बऱ्या आहेत. आमिश, म्हणजे अमेरिकेतल्या जुन्या साध्या पद्धतीनं राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांवरच्या कादंबऱ्या मी चार वाचल्या. त्यातलं पाव भाजणं आवडलं, बाकी लक्षात राहिलं नाही.

मराठीत यायचं तर बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' घ्यायलाच हवं. १८५७ चं पुस्तक, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून नाव असलेलं, आणि ख्रिस्ती. यमुना आणि विनायक हे नवरा-बायको गावोगाव फिरतात, विधवांचे हाल बघतात. केशवपनाच्या गोष्टी वाचताना अंगावर काटा येतो, आणि त्या काळात हे लिहायला छाती लागली असणार. पण माझ्या मैत्रिणींची तक्रार इथं खरी ठरते. यमुनेला आधीपासून सगळं पटलेलंच आहे. विनायक जातो, ती ख्रिस्ती होते, तिचं पुनर्लग्न होतं, आणि तिच्या मनात एकदाही 'नको' उठत नाही. मला तिच्याबद्दल आदर वाटतो, पण माया वाटत नाही.

माया वाटते ती लक्ष्मीबाई टिळकांची. त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मकथेची आजीची प्रत माझ्याकडे आहे, खाकी कव्हर घातलेली. आजी तांदूळ निवडताना पुस्तक ताटाच्या कडेला टेकवून वाचायची, त्यामुळे काही पानांत कणीचे दाणे सापडतात. जिथं त्यांच्या नवऱ्याच्या, कवी टिळकांच्या, बाप्तिस्म्याची बातमी येते तिथं हळदीच्या अंगठ्याचा ठसा आहे. आजी तिथं थांबत असणार.

सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट, पण एकदा प्रेमकथा म्हणून वाचून बघा. नारायण वामन टिळकांना राजनांदगावला जाताना आगगाडीत एक गोरा गृहस्थ नवा करार देतो. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळक मुंबईत बाप्तिस्मा घेतात. बायको कुठल्या घरची? तर वडील सोवळ्यापायी मीठसुद्धा धुऊन घेणारे. तिच्या डोक्यावर आभाळ कोसळतं. ती रडते, भ्रमिष्टासारखी होते, पंढरपुरात नातेवाइकांकडे राहते. टिळक पत्रं लिहीत राहतात. किती तापट माणूस, किती अव्यवहारी, तिला न सांगता घर सोडून जाणारा! त्यांच्यावर ती पानोपानी चिडलेली आहे. तरी जीव तिथंच. पुढे ती त्यांच्याकडे आली ती सोवळं घेऊन आली. धर्म तिनं सोडला नव्हता आणि नवराही सोडला नव्हता. टिळकांनी तिच्यावर जबरदस्ती केली नाही. मग एकदा स्वतःशीच विचार करता करता तिला वाटलं की जात देवानं केलेली नाही, माणसांनी केली आहे. कुणी वाद घालून पटवलं नाही, तिचं तिला उमगलं. १९०० मध्ये तिनं बाप्तिस्मा घेतला.

नवऱ्याच्या आणि तिच्या बाप्तिस्म्यात पाच वर्षांचं अंतर आहे. ती पाच वर्षं आहेत म्हणून मला तिचा विश्वास खरा वाटतो, आणि म्हणूनच प्रेमही खरं वाटतं. १९१९ मध्ये टिळक गेले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचं काव्य सुरुवातीच्या दहा-अकरा अध्यायांवर अडलं होतं. शाळेत न गेलेल्या, नवऱ्याकडून अक्षरं गिरवायला शिकलेल्या या बाईनं ते हातात घेतलं आणि साठाहून जास्त अध्याय लिहिले. नवऱ्याचं अर्धं राहिलेलं वाक्य आयुष्यभर पुरं करत बसणारी बायको! मला आजवर वाचलेल्या कुठल्याही रोमान्समध्ये एवढा रोमान्स सापडलेला नाही. चर्चच्या कपाटात 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक 'चरित्रे' या खणात आहे. मी नोंदवहीत त्याच्यापुढे पेन्सिलीनं 'प्रेमकथा' असं लिहून आलेय.

एक पुस्तक राहिलं. बाबा गेले तेव्हा आईला लोकांनी सांत्वनाच्या पुस्तिका आणून दिल्या. सगळ्यांत एकच, तो चांगल्या जागी आहे, रडू नका. आईनं त्या नीट रचून परत केल्या. मग मी तिला सी. एस. लुईसचं 'अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड' वाचून दाखवायला लागले, रोज दोन पानं, जागच्या जागी मराठी करत. युद्धाच्या काळात रेडिओवरून लोकांना विश्वास समजावून सांगणारा हा माणूस. १९६० मध्ये त्याची बायको कॅन्सरनं गेली आणि त्यानं घरात सापडलेल्या कोऱ्या वह्यांत स्वतःसाठी हे लिहिलं. पुढच्या वर्षी टोपणनावानं छापलं. त्यात तो म्हणतो की गरज असताना देवाकडे जावं तर दार तोंडावर आपटतं आणि आतून कडी घातल्याचा आवाज येतो. मला वाटलं, आई थांबवेल. आई भाजी निवडत होती, तिचे हात थांबले. म्हणाली, "हा खरं बोलतोय. पुढे वाच." त्या आठवड्यात ती बाबा गेल्यावर पहिल्यांदा चर्चला आली.

'गीतरत्न' बायबलमध्ये आहे ना? आठ अध्याय, एकमेकांना शोधत फिरणारी दोन माणसं. कुठल्याही समितीनं ते काढलेलं नाही.

तर, तेवीस पुस्तकं मी घरी आणली आहेत. ज्यांना हवीत त्यांनी घरी यावं, परत करायची घाई नाही. पुढच्या बैठकीत मी हे सगळं तोंडानं सांगणार आहे. स्थळाच्या वेळी झालेलंही सांगणार आहे, कारण ते सांगितल्याशिवाय जेन कपाटात का हवी हे कळायचं नाही.

'जेन एअर' मात्र गेली. मंडळीतली अकरावीतली एक मुलगी सोमवारी संध्याकाळी येऊन घेऊन गेली. पाठ मी फेविकॉलनं चिकटवून दिली होती. काल रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला: "ताई, ती त्या सेंट जॉनबरोबर जाणार नाही ना? प्लीज सांगा."

मी अजून उत्तर दिलेलं नाही.