फिरणाऱ्या इंजिनाची बॅटरी कसली बदलता?

गवत कापण्याच्या मशीनचं इंजिन फिरतंय! किल्ली फिरवली की स्टार्टर जोरात घुमतो, आतलं सगळं गरगर फिरतं, फक्त इंजिन पेट घेत नाही. हे डोळ्यांना दिसतंय, कानांना ऐकू येतंय. तरी मेकॅनिक येतो आणि वाकूनही न बघता पहिलं वाक्य बोलतो, ‘बॅटरी गेली.’ अरे, बॅटरी गेली असती तर फिरलं कशाच्या जोरावर?

आमच्या फोंडा तालुक्यातल्या गावच्या मैदानासाठी वर्गणी काढून बसून चालवायचं गवत कापण्याचं मशीन घेतलं. पावसाळ्यात मैदान चिखलाने भरतं, तिथे हे मशीन घालता येत नाही, म्हणून ते शेडमध्ये उभं राहतं. चतुर्थी झाली, पाऊस ओसरला, गवत गुडघ्याला लागलं आणि मशीन चालू होईना. पोरांना फुटबॉल खेळायचाय आणि आम्ही खांद्यावरचा ग्रास कटर घेऊन कोपरे साफ करतोय. एवढं मोठं मैदान त्याने कधी व्हायचं?

मग सुरू झाला पार्ट बदलण्याचा सपाटा. आधी बॅटरी. जुनी एक्सचेंजमध्ये गेली. मशीन तसंच. मग ठिणगी पाडणारा प्लग. तसंच. मग म्हणे कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी वीज देणारा भाग, गेली असणार, गोव्यात मिळत नाही, बाहेरून मागवावी लागेल. आगाऊ पैसे द्या. दिले. वाट बघितली. कॉइल आली, बसवली, मशीन तसंच! आणि त्यानंतर अगदी शांतपणे, ‘इंजिन खोलावं लागेल.’ या सगळ्यात एकदाही, एकदाही, कोणी जुना प्लग काढून ठिणगी पडते का ते बघितलं नाही. टाकीत काय आहे ते बघितलं नाही. कॉइल मागवण्याआधी ती मेलीय की जिवंत, हे कळायला काय लागतं? प्लग काढा, वायरला लावा, त्याची धातूची बाजू इंजिनाच्या लोखंडाला टेकवा, पेट्रोलपासून लांब धरा आणि स्टार्टर मारा. ठिणगी दिसली तर कॉइलला हात लावू नका. नाही दिसली तरी लगेच कॉइल मागवू नका, आधी कॉइलला जाणारी, इंजिन बंद करायची बारीक वायर सोडवून बघा. माणूस उठला की इंजिन बंद करणारा सीटखालचा स्विच खराब असला किंवा उंदराने वायर कुरतडली असली तरी ठिणगी मरते. वायर सोडवल्यावर ठिणगी आली, म्हणजे कॉइल ठणठणीत आणि घोटाळा वायरिंगचा.

आणि त्याहून सोपी परीक्षा! एअर फिल्टर काढा, कार्बोरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, तोंडात ताज्या पेट्रोलचे चार थेंब टाका, तोंड बाजूला ठेवून स्टार्टर मारा. इंजिन क्षणभर भडकून बंद पडलं, की समजा ठिणगी आहे, कंप्रेशन आहे, म्हणजे आत पुरेसा दाब तयार होतोय, फक्त पेट्रोल पोचत नाही. एवढ्यावरून अर्धं मशीन संशयातून बाहेर पडतं. हे ज्याला माहीत नाही त्याने पान्याला हात लावू नये, आणि माहीत असून जो करत नाही तो आपल्याला लुटतोय. मी हे जाणूनबुजून एवढ्या कडक शब्दांत लिहितोय.

शेवटी आमच्या वाड्यावरच्या, बागायतीचे पंप दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रीला बोलावलं. त्याने हे असलं मशीन आयुष्यात उघडलं नव्हतं. त्याने चार थेंबांची परीक्षा केली, इंजिन भडकलं आणि बंद पडलं. मग कार्बोरेटरच्या खालचा सोलेनॉइड, म्हणजे पेट्रोल बंद-चालू करणारी विजेवरची झडप, सोडवला, पेट्रोल साठणारी वाटी उतरवली, तिच्यातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून बाजूला ठेवलं. थोड्या वेळाने बाटलीत दोन थर! खाली पाणी मिसळलेला थर, वर पेट्रोल. वाटीच्या तळाला पांढरा गाळ, मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक छिद्र, बुजलेला. झालं. एवढंच होतं.

आता पेट्रोलबद्दल बोलतोच. पंपावर आता २० टक्के एथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, आणि बहुतेक ठिकाणी दुसरं मागायची सोय नाही. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन घ्या, होंडा घ्या, या छोट्या इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच्या एथेनॉलची परवानगी लिहिलेली असते. मग आमच्यासारख्यांनी करायचं काय? एथेनॉल पाणी ओढून घेतं. गोव्याच्या पावसाळी हवेत भिंतींना बुरशी येते, चामड्याची चप्पल हिरवी होते, तिथे टाकीतलं पेट्रोल कोरडं राहील? पाणी एका हद्दीबाहेर गेलं की एथेनॉल त्याच्याबरोबर पेट्रोलमधून वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि इंजिनाला जाणारी नळी नेमकी तळातूनच ओढते. शिवाय जुन्या रबरी नळ्या फुगतात, मऊ पडतात. बाकी जगात ‘महिनाभरापेक्षा जुनं पेट्रोल छोट्या इंजिनात ठेवू नका’ हे कंपन्याच सांगतात. आम्हाला मशीन विकताना मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. पावसाळ्याआधी टाकी रिकामी करा, वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा, एवढं सांगायला काय पैसे पडत होते?

मेस्त्रीने टाकीच्या झाकणाचं भोकही बघितलं. त्यात कुंभारीण माशीने माती लिंपून ठेवली होती! ते भोक बंद झालं की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल खाली उतरायचं थांबतं. म्हणजे वाटी साफ केली असती, तरी थोड्या वेळाने मशीन पुन्हा थांबलंच असतं. आणि आधीच्या महाशयांनी ते झाकण उघडूनही बघितलं नव्हतं.

टाकी धुतली, नळी बदलली, जेट बारीक तारेने न खरवडता क्लीनर आणि हवेने साफ केला, ताजं पेट्रोल घातलं. पहिल्याच स्टार्टरला धडधडलं.

आता त्या पहिल्या मेकॅनिकच्या दुकानात जाऊन नवी कॉइल आणि प्लग परत घ्या म्हणालो, तर उत्तर मिळालं, ‘इलेक्ट्रिकल सामान परत घेत नाही.’ जुनी कॉइल कुठे गेली विचारलं, तर ‘फेकली.’ आमची चांगली कॉइल, आमच्या वर्गणीतून घेतलेल्या मशीनमधली, आम्हाला न विचारता फेकली! बॅटरीची एक्सचेंज रक्कम बिलात वजाही केलेली नाही. मी ते बिल घेऊन उद्या पुन्हा दुकानात जातोय, आणि ती रक्कम वसूल केल्याशिवाय उठणार नाही.