कानउघाडणी

माझ्या लॅपटॉपला हेडफोन लावला की गाण्याआधी लॅपटॉपच गायला लागायचा. माऊस हलवला की ‘चिर्र’, फाइल उघडली की ‘टिर्र’. हॉलमधला जुना अँप्लिफायर जोडून चार्जर लावला, की अखंड ‘घूंऽऽ’. घरातल्या विजेचे 50 हर्ट्झ ते. म्हणजे पेटीवरची, खर्जातली पांढरी पाच, किंचित चढी. बुवा काळी एकमध्ये गात असले, तर हा सूर नेमका तीव्र मध्यम. यमन निभावून जायचा. भूप लावला की पंचाईत, त्यात मध्यमच नाही!

भाचा म्हणाला, “मामा, आतली साउंड चिप प्रोसेसरच्या मांडीला मांडी लावून बसलेली असते. त्याची खटपट तिच्यात उतरणारच. यूएसबी साउंड कार्ड घे, आवाज बाहेरच तयार होऊ दे.”

पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, दुकानदाराने अंगठ्याएवढं प्लास्टिकचं कार्ड तुच्छतेने बाजूला सारलं आणि धातूची जड डबी पुढे केली. “24 बिट, 96 किलोहर्ट्झ!” म्हणजे सेकंदाला आवाजाचे 96 हजार नमुने; त्यांत निम्म्या हर्ट्झपर्यंतचे सूर मावतात. सीडी बिचारी 16 बिट आणि 44.1 किलोहर्ट्झवर संसार करते. माणसाचा कान फार तर 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, तेही तरुणपणी. माझ्या वयात वरून गळती सुरू झालेली असते. तरी डबी घेतली. जड वस्तूला नाही म्हणणं मला जमत नाही.

घरी आल्यावर लॅपटॉपच्याच स्पीकरवर गाणं लावून बायको म्हणाली, “अहो, आवाज तर तसाच आहे!” त्या टिचभर स्पीकरचा कार्डाशी काही संबंध नाही, हे समजावेपर्यंत ती स्वयंपाकघरात पोचली होती. हेडफोनमधली चिर्र-टिर्र मात्र खरंच गेली. अँप्लिफायरची घूं जागच्या जागी. शेवटी भाच्याने चार्जर आणि अँप्लिफायर, दोन्ही प्लग कपाटामागून काढलेल्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डात खोचले. दोन वेगळ्या सॉकेटांच्या अर्थिंगमधून वीज फेऱ्या मारत होती म्हणे. घूं बंद. बोर्ड घरचाच, खर्च शून्य. डबीच्या बिलाचा विषय आमच्याकडे निघत नाही.

आता सगळं लख्ख ऐकू येतं. बुवांच्या एका जुन्या मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये विलंबिताच्या समेच्या जरा आधी श्रोत्यांत डावीकडे कोणीतरी खोकतं. दर वेळी. मी हल्ली समेची नाही, त्याचीच वाट बघतो. परवा बायकोच्या कानाला हेडफोन लावून ऐकवलं.

“कोरडा आहे,” ती म्हणाली. “ज्येष्ठमध नाही का द्यायचा कोणी त्यांना?”