कॉकाटीलच्या पिंजऱ्याची ‘सात सोपी सूत्रं’ पुढे पाठवण्याआधी

परवा रात्री दोन वाजता मावसबहिणीचा फोन आला. “ताई, पिकूच्या पंखातून रक्त येतंय गं, थांबतच नाहीये.” पाठोपाठ फोटो आला. पिंजऱ्याच्या तळातल्या कागदावर रक्ताचे शिंतोडे, शेपटीची दोन पिसं गळून पडलेली आणि कोपऱ्यात गजाला चिकटून बसलेला पिकू, म्हणजे तिचा कॉकाटील, डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट. तुरा ताठ उभा, चोच उघडी. स्वच्छ रुमालात त्याला अलगद धरून रक्त येतं तिथे कापसाने हलका दाब द्यायला सांगितलं. छाती अजिबात दाबू नकोस, हेही बजावलं. पक्ष्याची छाती हलायची थांबली की त्याचा श्वासच थांबतो. सकाळी डॉक्टरांकडून परत आल्यावर ती म्हणाली, “मी तर त्या मेसेजमध्ये लिहिलंय तसंच सगळं केलं होतं.”

तो मेसेज मलाही तीन ग्रुपवर आलाय. त्याचा सारांश असा: पिंजरा लहान घ्या म्हणजे पक्ष्याला सुरक्षित वाटतं, रात्री जाड काळ्या कापडाने चारी बाजूंनी घट्ट झाका, जस्ताचा मुलामा दिलेला पिंजराच घ्या, तो गंजत नाही, पिंजरा गोल असावा, बसायच्या दांडीला सँडपेपर गुंडाळा, सोबतीला आरसा लावा, आणि पिंजरा स्वयंपाकघरात ठेवा, म्हणजे माणसांची सवय होते.

आधी त्या काळ्या कापडाचं बघू, कारण पिकू त्यातच जखमी झाला.

कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियातल्या उघड्या माळरानांवरचा पक्षी. थव्याने राहतो, जमिनीवर उतरून दाणे टिपतो आणि जरा काही खुट्ट झालं की आधी उडतो. काय वाजलं ते जो बघत बसतो, तो शिकारी पक्ष्याच्या तोंडी जातो, म्हणून ही सवय त्याच्या हाडीमाशी भिनलेली आहे. घरात रात्री एखादं भांडं पडतं, भिंतीवर पाल सरकते, गाडीच्या दिव्याची तिरीप कापडाच्या फटीतून आत येते. पक्षी दचकून झेप घेतो. आत मिट्ट काळोख असेल तर त्याला ना गज दिसतात, ना दांडी. तो धडकतो, धडकल्यामुळे आणखी घाबरतो आणि पुन्हा धडकतो. पक्षी पाळणारे याला ‘नाइट फ्राइट’ म्हणतात, आणि पाळीव पोपटवर्गात कॉकाटील त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. मेसेज लिहिणाऱ्याने कधी एकही कॉकाटील पाळला असता, तर ‘घट्ट झाका’ हे शब्द त्याच्या हातून उमटले नसते.

त्यातून नवं पीस उगवत असेल तर ते आणखी जोखमीचं. वाढत्या पिसाच्या नळीत रक्त खेळत असतं. ती मोडली की धार लागते. नव्वद ग्रॅमच्या कॉकाटीलच्या अंगात रक्त असतं जेमतेम ९ मिलिलीटर, म्हणजे दोन चहाचे चमचेही भरणार नाहीत. त्या कागदावरचे शिंतोडे आता या हिशेबाने बघा.

एक गोष्ट मान्य करायला हवी. कॉकाटीलला रोज दहा-बारा तासांची शांत झोप लागते, आणि घरातला उजेड, टीव्ही, पंख्याचा झोत अडवायला कापड उपयोगी पडतं. पण ते पातळ हवं, मागे आणि दोन बाजूंना टाकलेलं, पुढची बाजू मोकळी ठेवून. आणि खोलीत एक मंद दिवा रात्रभर चालू हवा, दांडी दिसेल इतपत. दचकलाच, तर झटकन मोठा दिवा लावून पिंजऱ्यात हात घालू नका. आधी हळू आवाजात त्याच्याशी बोला, मग उजेड वाढवा.

आता जस्त. मुलाम्यामुळे लोखंड लवकर गंजत नाही हे खरं, पण ते जस्त जातं कुठे? कॉकाटील चोचीचा तिसऱ्या पायासारखा वापर करतो. चढताना गज धरतो, रिकाम्या वेळी गजांच्या जोडावरचे जस्ताचे खवले कुरतडतो. ते खवले आणि गजांवरची पांढरट भुकटी त्याच्या पोटात जाते. १९५५ पासून निघणारं मर्क पशुवैद्यक मॅन्युअल इंटरनेटवर फुकट वाचता येतं. पाळीव पक्ष्यांच्या विषबाधेचा भाग उघडा; शिशाबरोबर जस्त आहे, आणि जस्ताच्या कारणांत गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली, तार आहे. पक्षी मलूल होतो, वजन उतरतं, विष्ठा पातळ होते, झटकेही येऊ शकतात. घरात आधीच असा पिंजरा असेल तर व्हिनेगर आणि ब्रशने घासून, खळखळून धुवा. त्याने धोका कमी होतो, संपत नाही. नवा घेणार असाल तर स्टेनलेस स्टीलचा किंवा चांगला पावडर कोटिंग केलेला घ्या, आणि रंगाचे पोपडे निघतायत का ते नखाने खरवडून बघा.

स्वयंपाकघराबद्दलही तेच मॅन्युअल पुरेसं आहे. नॉनस्टिक भांडं गॅसवर रिकामं राहून जास्त तापलं, तर त्याच्या लेपातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत दगावतो. माणसाला वासही येत नाही. माणसांची सवय बैठकीच्या खोलीतही होते.

‘लहान पिंजरा सुरक्षित’ हे वाचून तर मला संतापच आला. शेपटीसकट कॉकाटील ३० ते ३३ सेंटिमीटर लांब असतो, आणि त्याला पंख पसरायलाही जागा लागते. एका पक्ष्यासाठी ६० सेंटिमीटर रुंद, ४५ खोल आणि ६० उंच हे कमीत कमी माप समजा. रुंदी उंचीपेक्षा महत्त्वाची, कारण तो आडवा उडतो. यातही अर्धं खरं आहे: मोठ्या पोपटाचा पिंजरा आणला तर गजांमधल्या फटीत डोकं अडकतं. म्हणून पिंजरा मोठा घ्या, पण फट दीड सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. काही गज आडवे असले तर त्याला चढायला सोपं जातं.

गोल पिंजऱ्यात पाठ टेकायला कोपरा नसतो, आणि घुमटाकडे गज निमुळते होत जातात तिथे पक्ष्याच्या पायाचं बोट अडकतं. सँडपेपरने नखं फारशी झिजत नाहीत, तळवे मात्र सोलून निघतात आणि पुढे सुजतात. त्याऐवजी कमी-अधिक जाडीच्या, फवारणी न केलेल्या खऱ्या फांद्या लावा. पेरूची किंवा निलगिरीची फांदी चालते. पाण्याची वाटी कुठल्याही दांडीच्या खाली येऊ देऊ नका. आरशातल्या पक्ष्यालाच तो जोडीदार समजतो, त्याला भरवायला दाणे ओकतो. मादी असेल तर अंड्यावर अंडी घालत बसते, आणि अंडं अडकलं तर जीव जातो. सोबत हवी असेल तर रोज तासभर त्याच्याजवळ बसा.

पिकू आता खातोय, शीळही घालायला लागलाय, पण डावा पंख अजून जरा लोंबतो. बहिणीने त्याच रात्री ते काळं कापड काढून टाकलं. तुम्ही हा मेसेज ज्यांना पाठवलाय, त्यांना सगळं समजावत बसायला वेळ नसेल तर आज झोपण्याआधी निदान एवढं कळवा: कापडाची पुढची बाजू वर करा आणि खोलीत एक छोटा दिवा चालू ठेवा.